सोमवारच्या आत मागचा डोंगर

दातबाईनं मागचा डोंगर चढायचं ठरवलं, तेव्हा तिच्या एकाच हाताची नखं कापलेली होती.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे लोकांनी या निर्णयाला नाही नाही ती कारणं चिकटवली. सासूबाई म्हणाल्या, डोक्यात वारं शिरलंय. नवरा म्हणाला, झोप कमी पडतेय. खरी गोष्ट एवढीच होती की बुधवारी दुपारी लेक झोपली म्हणून ती नखं कापायला बसली, डावा हात उरकला आणि लेक उठली. गुरुवार गेला, शुक्रवार उजाडला, तरी उजव्या हाताचा नंबर लागला नव्हता. स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून ती दोन्ही हात शेजारी शेजारी धरून बघत होती, एक कारकुनाचा आणि एक चेटकिणीचा, आणि त्या बोटांच्या फटीतून तिला डोंगर दिसला.

इमारतीच्या मागे होता म्हणून मागचा डोंगर. खाली झाडी, मध्ये दगडाची लांबच लांब धार आणि वर उभा सुळका. वरून म्हणे आठी दिशा दिसतात. इमारतीतल्या प्रत्येकानं हे दुसऱ्याला सांगितलेलं होतं आणि कुणीही जाऊन बघितलेलं नव्हतं.

दातबाई हे तिचं नाव नव्हे. ती कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये काम करायची, म्हणून आख्ख्या इमारतीची दातबाई. दीड वर्षाच्या रजेनंतर सोमवारी तिला कामावर रुजू व्हायचं होतं. कवळीचं काम फार मानी असतं. मेणात दात लावायला घेतले की लावूनच उठायचं. मध्ये कुणी हाक मारली म्हणून उठलात, तर मेण गार होतं, सुळा वाकडा बसतो आणि एखादा सभ्य गृहस्थ उरलेलं आयुष्य गुंडासारखा हसतो. आणि या दीड वर्षात दातबाईनं हातात घेतलेली एकही गोष्ट शेवटाला गेली नव्हती. अर्धी वेणी, अर्धं वर्तमानपत्र, अर्धी आंघोळ. अर्धी आंघोळ कशी असते हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी विचारू नये. ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायला नको. आपले हात आता अर्ध्यावर उठायलाच शिकलेत, सोमवारी कुणाच्या तरी तोंडाचं वाटोळं करणार, अशी धास्ती तिच्या पोटात बसली होती.

म्हणून तिनं ठरवलं, सोमवारच्या आत एक गोष्ट पूर्ण करायची. पायथ्यापासून टोकापर्यंत. डोंगराचं एक बरं असतं, त्याला टोक असतं. घरकामाला नसतं.

"रविवारी मी मागच्या डोंगरावर जातेय," तिनं जेवताना जाहीर केलं. "एकटी."

'एकटी' हा शब्द फार नाजूक प्रकृतीचा आहे. घरात उच्चारल्यावर तो जेमतेम अर्धा मिनिट जगला.

"आणि मुंगी?" सासूबाईंनी विचारलं. मुंगी म्हणजे लेक. दिसेल त्यावर चढायची, म्हणून मुंगी.

"तिचा बाप आहे की घरात."

बापानं घास थांबवून अशा चेहऱ्यानं वर पाहिलं, की जणू हा बाप कोण हे त्यालाही जाणून घ्यायचं होतं. "हो, हो, मी आहेच ना," तो म्हणाला. "पण मी काय म्हणतो, आपण सगळेच जाऊ या की. मुंगीलाही हवा लागेल."

"मुंगीला हवा खिडकीतून लागते."

"उन्हातान्हात तू तिकडे एकटी, आणि आम्ही इथे घरात जीव मुठीत धरून बसणार," सासूबाई म्हणाल्या. "जायचं तर सगळे जाऊ. मी आपली पहिल्या बाकावर बसेन."

भांडून बघितलं. पण भांडणही अर्ध्यावरच राहिलं, कारण मुंगीनं पाण्याचा पेला डोक्यावर ओतून घेतला. अंग पुसता पुसता दातबाईनं मनाशी नवा करार केला: बरोबर पलटण येईना का, आपण वर पोचायचं म्हणजे पोचायचं.

पलटणीत कर्नल आले ते जिन्यावरून. खालच्या मजल्यावरच्या या गृहस्थांचा सैन्याशी संबंध एवढाच, की त्यांच्याकडे हिरव्या ठिपक्यांची एक पँट होती. उभी हयात त्यांनी बँकेच्या लॉकरच्या खोलीत, लोकांकडे पाठ करून उभं राहण्यात घालवली होती. पण मिशा आणि आवाज असा, की टपालवालासुद्धा त्यांना सलाम ठोकायचा.

"दातबाई!" ते खालूनच गरजले. "ऐकलं मी! चढाई आहे म्हणे! एक लक्षात ठेवा, डोंगर पायांनी नाही, नाकानं चढतात. श्वास! मी येतो. तुम्हाला अनुभवी माणूस लागेल."

"तुम्ही गेला आहात वर?"

"अनेकदा जाणार होतो," कर्नल म्हणाले.

शनिवार तयारीत गेला. नवरा वजनमापे खात्यात निरीक्षक. दुकानदारांचे काटे तपासून तपासून त्याचं असं झालं होतं की कुठलीही वस्तू हातात आली की तो आधी ती किंचित वर-खाली करून बघायचा. लग्नात हारसुद्धा त्यानं असाच घातला होता. इमारतीत त्याला तराजू म्हणत. तर तराजूनं ऑफिसातला ताणकाटा घरी आणला, तो दाराच्या कडीला टांगला आणि प्रत्येकाची पिशवी जोखायला घेतली.

"चढावर एकेक वस्तू दुप्पट होते," तो गंभीरपणे म्हणाला. "आई, ही चादर कशाला?"

"बसायला."

"ही दुसरी?"

"पहिली मळू नये म्हणून."

शेवटी सासूबाईंनी नियमाप्रमाणे हलकी पिशवी तयार करून दिली आणि काढायला लावलेलं सगळं सामान स्वेटरच्या खिशांत भरलं. सकाळी त्या जिना उतरल्या तेव्हा त्यांचा आकार काही निराळाच होता. पण माणसं जोखायचं तराजूच्या लक्षात आलं नाही. मुंगीचं ओझं कुणी उचलायचं हा प्रश्नच नव्हता. मुंगी पाठीवरच्या झोळीत, झोळी आईच्या पाठीवर. काट्याला न लागणारं वजन नेहमी तिच्याच पाठीवर कसं येतं, यावर तिनं एक चांगलं वाक्य तयार केलं होतं, पण ते बोलायला सवड झाली नाही.

पायथ्याला वनखात्याची चौकी. आत गणवेशातल्या एक बाई, त्यांच्यासमोर एक शिक्का.

"किती माणसं?"

"चार," तराजू म्हणाला.

"चार म्हणजे कुटुंब. पाच म्हणजे गट. गट असेल तर गटप्रमुख लागतो, आणि गटप्रमुखाला सूचना ऐकाव्या लागतात. ते बाळ?"

"ते पाठीवर आहे."

"पाठीवरचं मोजत नाही. चालणारं मोजतात." बाईंनी शिक्का उचलला.

इतका वेळ दगडासारखी निश्चल असलेली मुंगी नेमकी त्याच क्षणी वळवळली, आईच्या कुशीवरून सरपटत खाली उतरली, आणि डुलत डुलत जाऊन बाईंच्या टेबलाच्या पायाला मिठी मारून उभी राहिली.

शिक्का हवेतच थांबला. "चालतंय," बाई म्हणाल्या. "पाच."

"अहो, टेबलापर्यंतच चालते ती!"

"नियमात टेबल-डोंगर असा फरक नाही."

गटप्रमुख कोण, यावर सासूबाई आणि कर्नल यांच्यात चौकीसमोर जी चर्चा झाली, तीत वय, अनुभव, पित्तप्रकृती आणि पँट असे चार मुद्दे निघाले. पँटीच्या मुद्द्यावर कर्नल विजयी झाले. मग त्यांना बाकावर बसवून बाईंनी सूचना वाचून दाखवल्या. प्लास्टिक टाकू नये, माकडांना खाऊ घालू नये, ड्रोन उडवू नये, शिखरावर पक्षी घरटी करतात म्हणून ड्रोन आढळल्यास गट परत पाठवण्यात येईल, गटप्रमुखानं गट सोडू नये. कर्नलनी प्रत्येक सूचनेला उभं राहून मान डोलावली. तोवर ऊन डोक्यावर यायला लागलं होतं आणि दातबाई रस्त्याकडे बघत एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती.

झाडीतली वाट बरी होती. सासूबाई पहिल्या बाकाशी आल्या, टेकल्या आणि म्हणाल्या, "झालं. मी इथेच बसते. तुम्ही या जाऊन." सगळ्यांनी निरोप घेतला. वीस-पंचवीस पावलं गेली असतील-नसतील, तोच मागून आवाज, "अगं, तिची टोपी डोळ्यांवर आलीय! काय दिसत असेल लेकराला?" आणि टोपी सारखी करायला आलेल्या सासूबाई परत बाकाकडे गेल्याच नाहीत. दुसऱ्या बाकाशी तेच. त्या बसल्या, निरोप झाला, आणि मुंगीच्या मोज्याचं काहीतरी निघालं. तिसऱ्या बाकाशी तर मोजाही जागेवर होता. तरीही त्या आल्या. दातबाईनं मागं वळून विचारलं नाही. तिचा श्वास तिलाच पुरत नव्हता.

झाडी संपते तिथे समोर मोठी दरी उघडते आणि पलीकडे कडा. इथे ओरडलं की आवाज परत येतो. कर्नल कठड्यापाशी गेले, छाती भरून घेतली.

"गटाच्या वतीनं!" असं म्हणून त्यांनी जी आरोळी ठोकली, तिच्याबरोबर त्यांची वरची कवळी बाहेर पडली.

ती आधी उन्हात लखकन चमकली. मग एका खडकावर टप्पा घेऊन खालच्या झुडपात जाऊन पडली. समोरच्या कड्यावरून कर्नलची आरोळी दातांसकट परत आली. कर्नल मात्र तोंडावर हात धरून उभे. लॉकरच्या खोलीत आयुष्यभर दुसऱ्यांच्या मौल्यवान वस्तू सांभाळलेला माणूस, आणि स्वतःची वस्तू अशी उघड्यावर!

"हालू नका कुणी!" दातबाई म्हणाली. तिचा आवाज एकदम लॅबमधला झाला होता. मुंगीला नवऱ्याकडे दिलं, कठडा ओलांडला, आणि बुडावर घसरत ती झुडपापर्यंत गेली. काटे लागले, बाही फाटली. कवळी हातात घेतल्या घेतल्या तिनं ती उन्हात धरली. तिचंच काम होतं. रजेवर जायच्या आधीचं शेवटचं. टाळूपाशी बारीकशी चीर गेली होती, पण दात सगळे जागच्या जागी.

वर येऊन तिनं कवळी रुमालात गुंडाळली. "इतकी सैल कशी काय झाली ही? केव्हापासून हलतेय?"

कर्नलनी बोटं दाखवून बरेच महिने सुचवले.

"मग लॅबमध्ये का नाही गेलात? तिथे बाकीचे आहेत की काम करायला!"

कर्नल बोळक्या तोंडानं हळूच म्हणाले, "तुम्ही रजेवर होता ना. दुसऱ्या कुणाला हात नाही लावू देत मी माझ्या तोंडाला."

दातबाईनं उगाच रुमालाची गाठ पुन्हा बांधली. मग म्हणाली, "सोमवारी पहिली तुमचीच घेते. तोवर घालायची नाही. चीर वाढेल."

दातांवाचून चढाई करणं कर्नलना शोभेना. गटप्रमुखानं गटाच्या मध्यभागी असायला हवं, आणि पायथा व शिखर यांचा मध्य इथेच येतो, असं काहीतरी पुटपुटत ते रुमाल मांडीवर घेऊन बाकावर बसले. सासूबाईंनी स्वेटरच्या एका खिशातून त्यांना मऊ पाव काढून दिला, दुसऱ्यातून केळं, आणि "आता मीही इथेच बसते" असं म्हणून, बसता बसता परत उठल्या. "उन्हात तिला झोप येतेय बघ. झोपवल्याशिवाय कुठे निघालात?"

मुंगीच्या झोपेची एक भानगड होती. तिला अंगाई चालायची नाही, थोपटणं चालायचं नाही. तिला फक्त मिक्सर चालायचा. तान्ही असताना एकदा आजी टोमॅटो वाटत होती आणि ही गाढ झोपली, त्या दिवसापासून घरात दोन वेळा रिकामा मिक्सर फिरू लागला. मिक्सर जळाला. नवा आणला. तो जळायच्या आत तराजूनं त्याचा आवाज फोनमध्ये भरून घेतला. भरताना सासूबाई ओट्याशीच होत्या, त्यामुळे त्या घरघरीत मधूनच त्यांचा आवाजही यायचा, "अगं, झाकण धर!" मुंगीला त्यासकट सवय झाली होती. 'झाकण धर' आल्याशिवाय ती डोळे मिटायचीच नाही.

मुंगी परत आईच्या पाठीवर गेली, फोन झोळीच्या खिशात ठेवला, आवाज मोठा केला, आणि दगडाच्या धारेवरून घरघर करत गट पुढे निघाला. मुंगी झोपली. आता खरी चढण लागली. पाठीवर झोपलेलं लेकरू जाग्या लेकरापेक्षा जड लागतं, हा वजनमापे खात्याला ठाऊक नसलेला शोध दातबाईला लागला होता. पण सुळका आता समोर होता, स्वयंपाकघरातल्या खिडकीएवढा नव्हे, आभाळाएवढा. ती दात-ओठ खाऊन पाऊल टाकत होती.

तेवढ्यात वळणावरून एक वनरक्षक दुर्बीण डोळ्यांना लावून, आभाळात बघत, उलटा चालत आला आणि तराजूवर आदळला.

"कोण उडवतंय?" तो गरजला. "ड्रोन कोण उडवतंय? बऱ्याच वेळापासून ऐकतोय मी!"

"शूऽऽऽ!" तिघांनी एकदम केलं.

"शू काय? घरट्यांवर..."

"शूऽऽ! झोपलीय ती!" सासूबाई अशा डोळ्यांनी म्हणाल्या की वनरक्षकाचा आवाज आपोआप खाली आला.

"ड्रोन कुठाय?" तो कुजबुजला.

"ड्रोन नाही. मिक्सर आहे," तराजूही कुजबुजला.

"मिक्सर? डोंगरावर?"

"मिक्सर घरी आहे. त्याचा आवाज आणलाय."

वनरक्षकानं प्रत्येकाच्या तोंडाकडे आळीपाळीनं पाहिलं. इतक्यात झोळीतून आज्ञा आली, "अगं, झाकण धर!" तो दचकून दोन पावलं मागं सरला. "हे कोण बोललं?"

"मी," ओठ मिटून उभ्या असलेल्या सासूबाई म्हणाल्या.

त्याचा संशय अर्थातच वाढला. "बंद करा ते. गटप्रमुख कोण आहे तुमचा?"

"खाली बसलेत."

"का?"

"दात सांभाळत."

"बंद करा म्हणतो ना! नाहीतर सगळ्यांना परत पाठवावं लागेल."

परत हा शब्द ऐकला मात्र, दातबाईनं झोळीसकट त्याच्याकडे पाठ केली. "हे बघा दादा," ती अगदी हळू, एकेक शब्द चावून म्हणाली, "फोन तिथे आहे. बंद तुम्ही करा. पण मग ती उठली की घ्यायचं तुम्ही. मी वर जाणार आहे. काय वाट्टेल ते झालं तरी आज मी वर जाणार आहे."

वनरक्षक तरुण होता, अविवाहित असावा. त्यानं फोन बंद केला.

एक क्षण डोंगर शांत झाला. मग मुंगीनं डोळे उघडले, समोर अनोळखी मिशा पाहिल्या, आणि असा टाहो फोडला की घरट्यांतले सगळे पक्षी, ज्यांच्यासाठी हा कायदा होता, ते एकदम आभाळात उडाले. घाईघाईनं त्यानं फोन चालू करायला घेतला, तर त्याची बॅटरी संपलेली. सासूबाईंनी मुंगीला झोळीतून काढून त्याच्या हातात दिलं. त्यानं तिला उभी धरली, आडवी धरली, पक्षी दाखवले, शिटी दाखवली. काही उपयोग होईना. शेवटी घामाघूम झालेल्या त्या सरकारी माणसानं इकडेतिकडे पाहिलं आणि तोंडानं आवाज काढला, "घर्रर्र... घर्रर्र..."

मुंगी थांबली. त्याच्या तोंडाकडे टक लावून वाट बघू लागली.

"पुढचं म्हणा," सासूबाई म्हणाल्या.

"अगं, झाकण धर," वनरक्षक म्हणाला.

त्यानंतर ड्रोनचा विषय निघाला नाही. सुळक्यापर्यंत तो त्यांच्याबरोबर घरघरत आला.

सुळक्याच्या पोटाशी एक सपाट जागा होती आणि तिथून वर, थेट टोकापर्यंत, दगडात ठोकलेली लोखंडी शिडी. "इथून पुढे मूल न्यायचं नाही," वनरक्षक म्हणाला. या बाबतीत तो घरघरीनंही वितळेना, आणि शिडीकडे पाहिल्यावर त्याच्याशी कुणी वादही घातला नाही.

नवरा दगडावर बसला होता. त्याच्या नव्या बुटाचा तळ मघाशीच अर्धा सुटून जिभेसारखा लोंबत होता. त्यानं बायकोकडे पाहिलं, शिडीकडे पाहिलं. "दे तिला माझ्याकडे," तो म्हणाला. या वेळी त्यानं मुंगीला घेतलं ते वर-खाली करून न बघता. "जा तू."

दातबाईनं शिडीला हात घातला. दोन पायऱ्या चढली आणि मागून सुरू झालं. "आयीऽऽ!" हा टाहो वेगळा होता. हा हाडांतून जातो. दीड वर्षात असा टाहो आला आणि ती जिथे होती तिथून उठली नाही, असं एकदाही घडलं नव्हतं. अंगाला साबण लागलेला असला तरी नाही. तिचा एक पाय आपोआप खालची पायरी शोधू लागला.

"अगं, उतरू नकोस, आहोत आम्ही!" नवरा ओरडला.

ती थांबली. खालचा पाय तसाच हवेत. तिला वाटलं, आत्ता उतरले तर मुंगी गप्प होईल, सगळे म्हणतील, जाऊ दे, इथपर्यंत आलो हेच खूप. सगळे अगदी प्रेमानं म्हणतील. आणि उद्या लॅबमध्ये मेण हातात घेतल्यावर ते हात कुठल्यातरी हाकेची वाट बघत बसतील.

तिनं पाय वर घेतला. मग दुसरा. डोळ्यांत पाणी होतं, त्यामुळे पायऱ्या हातांनीच चाचपाव्या लागत होत्या, पण हात चाचपत होते. मध्येच टाहो बंद झाला. ते तर जास्तच वाईट होतं. रडणारं मूल कुठे आहे ते कळतं. गप्प झालेल्याचं काय सांगावं? तरी ती चढत राहिली, आणि मग पुढची पायरी लागलीच नाही. वारा लागला.

टोक म्हणजे चार माणसं दाटीनं उभी राहतील एवढा दगड. तिनं पहिल्यांदा बघितलं ते खालीच. सपाट जागेवर तीन ठिपके, आणि त्यातल्या एकाच्या कडेवर पिवळी टोपी. टोपी हलत होती. म्हणजे जीव आहे. बराच वेळ ती त्या टोपीकडेच बघत राहिली, आणि मग तिलाच हसू आलं. आठी दिशा दिसणाऱ्या टोकावर येऊन ही बाई नववी दिशा बघत बसलीय.

मग मात्र तिनं मुद्दाम पाठ फिरवली आणि राहिलेल्या आठी पूर्ण केल्या. एकही अर्धी सोडली नाही. एका अंगाला गाव, काड्यापेट्या सांडाव्यात तसा. त्यातली आपली इमारत सापडेपर्यंत ती हलली नाही. गच्चीवर कुणाच्या तरी चादरी वाळत होत्या. लॅबचा पत्रा उन्हात चकाकत होता. पुढे नदी, नदीचं वळण, वळणापलीकडे तिला ठाऊकच नसलेली दुसरी नदी. मागे डोंगरांच्या रांगा, एकीमागून एक, शेवटची आभाळात विरघळलेली. कुणी हाक मारली नाही. ती पुरी फिरली, पहिल्या जागी आली, आणि तोंडानं मोठ्यांदा म्हणाली, "झालं." आजूबाजूला ऐकायला कुणी नव्हतं. तिला तेही आवडलं.

खाली उतरली तेव्हा मनाची तयारी होती. लेक धावत येईल, गळ्यात पडेल, हुंदके देईल. आपणही थोडे देऊ. मुंगी आजीच्या कडेवर बसून वनरक्षकाच्या शर्टाचं बटण चावत होती. तिनं आईकडे पाहिलं, आई गच्चीवर कपडे काढायला गेली होती अशा नजरेनं, आणि पुन्हा बटणाकडे वळली.

"गप्प कशी झाली ही मघाशी?" दातबाईनं विचारलं.

"तू दिसेनाशी झालीस की लगेच," नवरा म्हणाला.

"लगेच?"

"म्हणजे... जरा वेळानं." पण उशीर झाला होता. ज्या टाहोपायी तिचं काळीज सोलून निघालं, तो ती नजरेआड होताच संपलेला होता. ती फुगून दगडावर बसली. फुगलेलीच होती, पण आतून कुठेतरी हसतही होती, आणि ही दोन्ही कामं एकदम करताना तिचा चेहरा फार चमत्कारिक दिसत होता.

सासूबाई तिच्याकडे बघत होत्या. फाटकी बाही, खरचटलेली कोपरं, वाऱ्यानं पिंजारलेले केस.

"काय आहे गं वर?" त्यांनी विचारलं.

"आई, काय सांगू! आधी आपली इमारत दिसते, आणि मग पलीकडे..."

"सांगू नकोस," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी मुंगीला सुनेच्या मांडीवर ठेवलं. स्वेटर काढून मुलाच्या हातात दिला. त्याच्या वजनानं मुलगा एका अंगाला कलला. चष्म्याची दोरी मानेमागे घट्ट केली आणि त्या शिडीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"आजी, अहो आजी," वनरक्षक गडबडला, "तुम्हाला जमेल का? आणि बाळाकडे कोण बघणार?"

"का? आई-बाप आहेत की त्याचे," सासूबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं या सुळक्याकडे बघत कपडे वाळत घालतेय मी. सरक."

वनरक्षक सरकला, आणि मग घाईघाईनं त्यांच्या मागे शिडीला लागला. सासूबाईंनी पहिली पायरी घेतली, दुसरी घेतली. इकडे मुंगीच्या लक्षात आलं. आईच्या मांडीवर असूनही तिनं दोन्ही हात पुढे केले आणि डोंगर हादरेल असा टाहो फोडला, "आज्जीऽऽऽ!"

शिडीवर सासूबाई थबकल्या. त्यांचा एक पाय हळूच मागं, खालची पायरी शोधत आला.

दातबाई लेकीला घट्ट धरून उठून उभी राहिली. "आई!" ती जिवाच्या आकांतानं ओरडली. "मागे बघू नका! वर बघा, वर!"

आणि घरात सून आल्यापासून पहिल्यांदाच सासूबाईंनी तिचं ऐकलं.